एका वाक्याची दीडशे वर्षं

१८७१ साली इंग्रज सरकारने एका कायद्यात एक वाक्य लिहिलं. २०११ साली कर्नाटकच्या विधिमंडळाने जवळपास तेच वाक्य पुन्हा मंजूर केलं. मधे एकशे चाळीस वर्षं उलटली. ज्या साम्राज्याने ते लिहिलं ते मावळलं, देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, माणूस चंद्रावर जाऊन परत आला. वाक्य मात्र शाबूत! कायद्यातलं एखादं वाक्य इतकं जगतं तरी कसं? आणि ते मरतं कशाने?

आधी ते वाक्य काय सांगतं ते पाहू. नेमलेल्या अधिकाऱ्याने आपल्या हद्दीत राहणाऱ्या हिजड्यांची नावं आणि पत्ते लिहिलेली नोंदवही ठेवावी. कुणाची नावं? मुलं पळवल्याचा, मुलांना खच्ची केल्याचा किंवा ‘अनैसर्गिक’ गुन्हा केल्याचा ज्यांच्यावर वाजवी संशय असेल त्यांची. इथे थोडं थांबा. गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटला उभा राहिलेला नाही. नुसत्या संशयावर सरकारी वहीत नाव चढतं.

१८७१ च्या कायद्यात पुढचं पान आणखी थक्क करणारं होतं. नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती बाईच्या कपड्यांत किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसली, नाचली, वाद्य वाजवलं, तर पोलिसांनी तिला वॉरंटशिवाय पकडायचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तिला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मुलगा दत्तक घेता येणार नाही. ज्या समाजात घर, भांडीकुंडी आणि नाव गुरूकडून चेल्याकडे जातं, त्याची वारशाची सगळी दारं एकाच कलमाने बंद!

हा कायदा म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या पहिल्या भागाने आणि पुढच्या आवृत्त्यांनी पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला म्हणून भटके-विमुक्त आजही तो दिवस पाळतात. याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी लिहिला होता, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या कानावर आलेली नसते.

आता पनवेलला येऊ. हार्बर मार्गाने तुम्ही पनवेलहून सीएसएमटीला जात असाल, तर टाळीचा तो आवाज तुमच्या ओळखीचा आहे. डब्यात कुणीतरी चढतं, दोन तळवे आडवे एकमेकांवर आपटतात, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मिळतो, कुणी दहाची नोट काढतं, कुणी खिडकीबाहेर पाहतं. त्या समाजात याला मंगती म्हणतात. लग्नाच्या किंवा बाळाच्या घरी गेलं की बधाई. हे मागणं गुन्हा कधी झालं? आणि त्याआधी ते काय होतं?

त्याआधी तो हक्क होता. तोही सनदेने मिळालेला!

लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ मध्ये मुंबई इलाख्याच्या जुन्या दप्तरांवरून हे मांडलं. मराठेशाहीत दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे वतनं होती. कुठे जमीन, कुठे रोख नेमणूक, तर कुठे ठरलेल्या मुलखातल्या शेतकरी घरांकडून धान्य आणि थोडे पैसे गोळा करण्याचा परंपरागत अधिकार. पाटलाला पाटीलकी, कुलकर्ण्याला कुलकर्ण, तसं यांना हे. वारसा रक्ताचा नव्हता, गुरूकडून चेल्याकडे जाणारा होता, आणि राज्य तो मानत होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंपनीच्या मुंबई सरकारने ही वतनं तपासायला घेतली. असल्या हक्कांना सरकारने आधार देणं योग्य नाही, अशी भूमिका घेतली आणि ते पुढे चालू ठेवायला नकार दिला. तोच हात आणि तेच दार, पण कालपर्यंत मागणारा वतनदार होता आणि आज तो उपद्रव ठरला. कायद्याची ताकद किती विलक्षण असते पाहा. माणसाला स्पर्शही न करता ती त्याची जागा बदलून टाकते.

आता ते वाक्य कसं प्रवास करतं ते बघा. १९१९ साली ते निजामाच्या हैदराबाद राज्यात उतरलं. तिथे हिजड्यांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. पुन्हा नोंदवही. पुन्हा बाईचा पोशाख, दागिने, रस्त्यावर गाणं-नाचणं आणि वॉरंटशिवाय अटक. शिक्षाही तीच, दोन वर्षांपर्यंत. आणि १९१९ च्या निजामाच्या राज्यात काय काय होतं? आपला मराठवाडा होता! औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. इंग्रजांनी लिहिलेलं वाक्य निजामाने उचललं. राजा वेगळा, धर्म वेगळा, दरबाराची भाषा वेगळी. मजकुराचा सांगाडा तोच.

मग मुंबई. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. या कायद्यात हिजड्यांचं नावही नाही, आणि गंमत तिथेच सुरू होते. भीक मागणे म्हणजे काय, याची त्यातली व्याख्या वाचा. सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं. मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, कला दाखवण्याच्या किंवा काही विकायला पुढे करण्याच्या निमित्ताने का असेना. दान मागायला कुणाच्या खाजगी आवारात शिरणं. आणि शेवटी हे: उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणं, की हा माणूस भिकेवर जगत असावा असं वाटावं.

असावा असं वाटावं! १८७१ चा ‘वाजवी संशय’ इथे वेगळा सदरा घालून परत आलेला दिसतो का? लोकलमधून उतरून बाजारात मंगती करणारी, बारशाच्या घरी बधाईला जाणारी, काहीच न मागता फलाटाबाहेर उभी असलेली, तिघीही व्याख्येच्या जाळ्यात बसतात. या कायद्याखाली पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. चौकशी होते संक्षिप्त. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात स्थानबद्धता, आणि पुन्हा पुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. पहिल्यांदा केलेल्या साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची असते, हे लक्षात घेतलं की या दहाचं वजन कळतं.

असा कायदा राज्याला करता येतो तो कशाच्या जोरावर? घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य दोघांनी वाटून घेतलेल्या विषयांची समवर्ती सूची आहे. तिच्यात पंधरावी नोंद आहे: भटकेगिरी, आणि भटक्या व स्थलांतर करणाऱ्या जमाती. दोन्ही एकाच ओळीत! १८७१ मध्ये एका कायद्याच्या दोन भागांत ठेवलेली माणसं इथेही शेजारी शेजारी बसलेली आहेत. कायद्यांनाही जुन्या सवयी असतात, त्या अशा.

आणि मग २०११. कर्नाटकाने आपल्या १९६३ च्या पोलीस कायद्यात ३६-अ हे नवं कलम घातलं. पोलीस आयुक्तांनी हिजड्यांच्या ‘अनिष्ट’ हालचाली रोखण्यासाठी त्यांची नावं व पत्ते यांची नोंदवही ठेवावी, मुलं पळवण्याचा, खच्ची करण्याचा वाजवी संशय असलेल्यांची. बेळगावला, कारवारला मराठी बोलत राहणाऱ्यांच्या राज्यात, मोबाइल आणि इंटरनेटच्या काळात, ते वाक्य शब्दाला शब्द लावत जवळपास जसंच्या तसं हजर.

हे होतं कसं? कुणी कट रचलेला नसतो. नवा कायदा लिहिणारा अधिकारी कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही. तो जुन्या कायद्याचा नमुना समोर ठेवतो. नमुन्याबरोबर नमुन्यातली भीतीही येते. हरळी वरून कापली की रान स्वच्छ दिसतं, मुळी खाली राहते, आणि पाऊस पडला की भलत्याच वाफ्यात कोंब येतो. कायद्यातल्या वाक्याचं तसंच असतं.

पण थांबा, तुम्ही म्हणाल, राज्यघटना होती ना? होती. घटनेचं तेरावं कलम म्हणतं की मूलभूत हक्कांशी न जुळणारा जुना कायदा, जेवढा जुळत नाही तेवढा, रद्दबातल. म्हणजे निजामाचा १९१९ चा कायदा २६ जानेवारी १९५० लाच संपायला हवा होता. तरी तो कायद्याच्या पुस्तकात २०२३ पर्यंत राहिला. त्र्याहत्तर वर्षं! कारण पुस्तकातून पान आपोआप फाटत नाही. कुणीतरी न्यायालयात उभं राहून म्हणावं लागतं की हे पान घटनेशी जुळत नाही. घटनेने कुलूप दिलं, किल्लीही दिली. किल्ली फिरवायला मात्र माणूस लागतो.

ती फिरवण्याचे तीन प्रकार या तीन कायद्यांच्या बाबतीतच दिसले, आणि तिन्ही शिकण्यासारखे आहेत.

पहिला, न्यायालयाचा. २०१८ मध्ये वैजयंती वसंता मोगली आणि इतर काही जणांनी निजामाच्या त्या कायद्याविरुद्ध हैदराबादच्या उच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी कायद्याला स्थगिती मिळाली. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो संपूर्ण कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. खंडपीठ तेवढ्यावर थांबलं नाही, या समाजाला शिक्षण आणि नोकरीत आरक्षण व निवृत्तिवेतन देण्याबाबतही त्याने निर्देश दिले. कलम काढायला गेलेल्या माणसांच्या हाती नवे हक्क आले.

दुसरा, सरकारकडूनच दुरुस्ती करून घेण्याचा. कर्नाटकात ३६-अ विरुद्ध लैंगिक अल्पसंख्याकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. निकाल लागायच्या आत सरकारने विधिमंडळात दुरुस्ती आणली आणि त्या कलमातून या समाजाचं नाव काढलं. त्याच कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिलं, तेही देशात सर्वांत आधी. दहा वर्षांपूर्वी नोंदवही मागणारं राज्य आता नोकरीचे अर्ज मागत होतं!

तिसरा प्रकार सर्वांत चकित करणारा. मुंबईचा १९५९ चा कायदा दिल्लीला आवडला, आणि १९६० मध्ये तो दिल्लीला लागू केला गेला. अठ्ठावन्न वर्षांनी, ८ ऑगस्ट २०१८ ला, हर्ष मंदर यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्याची कलमं घटनाबाह्य म्हणून काढून टाकली. जगण्यासाठी दुसरं काही उरलेलं नसताना हात पसरणाऱ्याला गुन्हेगार म्हणता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. पण उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या हद्दीत बांधील असतो. म्हणून कायदा दिल्लीत कोसळला आणि जिथे जन्मला त्या महाराष्ट्रात मात्र उभा राहिला.

पनवेलच्या फलाटावर उभं राहून याचा अर्थ समजून घ्या. कोकण रेल्वेने दिल्लीकडे निघालेली मंगला एक्स्प्रेस इथे थांबते. समजा, एकीने दिल्लीतल्या रस्त्यावर टाळी वाजवून पैसे मागितले. तिथे ते २०१८ नंतर या कायद्याखाली गुन्हा उरलं नाही. तिने हेच मुंबईच्या रस्त्यावर केलं तर तीच व्याख्या, तीच अटक. माणूस तोच, कृती तीच, कायद्याचा मजकूरही एकच! बदलली ती फक्त न्यायालयाची हद्द. गाडीच्या डब्यात आणखी तिसराच कायदा, १९८९ चा रेल्वे कायदा. त्याचं कलम १४४ गाडीत भीक मागायला बंदी घालतं.

जुनं वाक्य काढणं हे झालं अर्धं काम. नवं वाक्य लिहिलं जात असतानाच ते अडवता येतं का? येतं, आणि त्याचा पुरावा २०१४ ते २०२० या सहा वर्षांत सापडतो.

सुरुवात एका अनपेक्षित जागी झाली. गरिबांना मोफत वकील देण्यासाठी कायद्याने उभारलेलं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आहे. २०१२ मध्ये हे प्राधिकरणच सर्वोच्च न्यायालयात याचिका घेऊन गेलं. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्यात सामील झाल्या. मुंबईच्या गौरी सावंतही या लढ्यात होत्या. १५ एप्रिल २०१४ ला न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी निकाल दिला: आपलं लिंग काय हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१५ ला, तिरुची शिवा यांचं ट्रान्सजेंडर हक्कांचं खाजगी विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक त्या सभागृहात मंजूर होण्याची ही कित्येक दशकांतली पहिलीच वेळ!

मग २०१६ मध्ये सरकारने स्वतःचं विधेयक आणलं आणि समाज हादरला. त्यातली व्याख्या माणसाला ‘पूर्ण स्त्रीही नाही, पूर्ण पुरुषही नाही’ अशा शब्दांत मोजत होती. ओळखपत्रासाठी जिल्ह्याच्या छाननी समितीपुढे उभं राहायचं होतं, आणि समितीत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, सरकारी अधिकारी. ट्रान्सजेंडर व्यक्तीला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षेचं कलमही होतं. ऐकायला बरं वाटतं ना? पण चेल्यांना मंगतीला पाठवणारी गुरू त्यात अडकणार होती, आणि रोजगाराचा दुसरा रस्ता कुठेच दाखवलेला नव्हता.

देशभर मोर्चे निघाले. संसदेच्या स्थायी समितीपुढे निवेदनं गेली, साक्षी झाल्या. जुलै २०१७ मध्ये समितीने विधेयकावर कडक टीका करणारा अहवाल दिला. आणि आता क्रम पाहा. २०१८ मध्ये लोकसभेत विधेयक सत्तावीस दुरुस्त्यांसह मंजूर झालं आणि ती व्याख्या गेली. २०१९ मध्ये नव्याने आलेल्या विधेयकातून छाननी समिती गेली. भिकेचं कलमही गेलं. ५ डिसेंबर २०१९ ला राष्ट्रपतींची सही झाली. २०२० मध्ये नियमांचा पहिला मसुदा आला, त्यात मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागितला होता. टाळेबंदी चालू, माणसं घरात अडकलेली, तरी हरकती गेल्या. अंतिम नियमांत शब्द आले: कोणत्याही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणीशिवाय प्रमाणपत्र. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा हा अर्ज ऑनलाइन झाला, म्हणजे पनवेलच्या माणसाला त्यासाठी अलिबागच्या फेऱ्या मारण्याची गरज उरली नाही.

सगळं मिळालं का? नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा कायद्यात राहिली. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या. आणि आज मिळालेलं कलम उद्याच्या दुरुस्तीत जाऊही शकतं. म्हणूनच कलम मिळवण्याइतकंच ते राखणंही शिकावं लागतं.

कधी कधी लढाई कायद्याशीही नसते; एका चौकटीशी असते. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात लिंगाच्या दोनच चौकटी होत्या. तिसरी नाही म्हणजे अर्जच नाही, आणि अर्ज नाही म्हणजे धावण्याची चाचणी किंवा लेखी परीक्षा काहीच नाही. साताऱ्याच्या आर्या पुजारी आणि त्यांच्यासोबत निकिता मुख्यदल महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्या. मृदुला भाटकर यांनी तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. अभय अहुजा यांच्यापुढे सरकारला मान्य करावं लागलं: संकेतस्थळावर तिसरी चौकट येईल, आणि शारीरिक चाचणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत तयार होतील. एका इंचाच्या चौकटीसाठी राज्याचे महाधिवक्ता उच्च न्यायालयात उभे!

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचं प्रकरण तर आणखी चटकदार आहे. ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवरून भरलेला त्यांचा अर्ज फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ ला न्या. रवींद्र घुगे यांनी सांगितलं की त्या स्वतःला स्त्री मानतात, म्हणून महिला राखीव जागेवर लढू शकतात. त्या लढल्या, आणि निवडूनही आल्या. २०१४ चा दिल्लीतला निकाल २०२१ मध्ये एका वॉर्डातल्या मतपत्रिकेपर्यंत पोचला. सात वर्षांचा प्रवास, पण पोचला.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असतं, हे रायगड जिल्ह्याला कुणी नव्याने सांगायला नको. पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर महाड लागतं. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी ओंजळभर पाणी घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ ला हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं, आणि मग न्यायालयात दहा वर्षं झगडावं लागलं. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. ठराव, सत्याग्रह, खटला. तिन्ही लागले.

मग पनवेलच्या माणसाने काय करायचं? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच काही तुम्हाला आधीच येतं. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ विकास आराखड्याविरुद्ध पनवेल तालुक्यातल्या गावागावांनी हरकती लिहिल्या, सुनावण्यांना हजेरी लावली. कायद्याखालच्या नियमांचा मसुदा राजपत्रात निघतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच दोन शब्दांनी लोकांना बोलावणं येतं: हरकती व सूचना. तीच मुदत पाळायची, पोच तशीच घ्यायची, आणि कुठल्या कलमात कोणता शब्द काढावा व त्याजागी कोणता घालावा, इतकं नेमकं लिहायचं. ‘कायदा अन्यायकारक आहे’ या ओळीपेक्षा ‘कलम अमुकमधून छाननी समिती वगळावी’ ही ओळ समितीच्या अहवालात लवकर शिरते.

१९५९ चा कायदा सगळ्या राज्यासाठी असला तरी मुंबईबाहेर तो अधिसूचनेने भागाभागांत लागू होतो. तुमच्या तालुक्यात तो कधी लागू झाला? भिक्षेकरी गृहांत गेल्या वर्षी किती जणांना ठेवलं, त्यांत तृतीयपंथी किती? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात हे विचारता येतं. मिळालेलं उत्तर हाच पुढच्या याचिकेचा पहिला कागद. पैसे नसतील तर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. २०१४ चा निकाल आणणाऱ्या प्राधिकरणाचं हेच तालुकापातळीवरचं रूप!

पोलिसांचे मनाई आदेशही बघत राहा. एप्रिल २०२४ मध्ये पुण्यात असा आदेश निघाला आणि चौकाचौकांत तृतीयपंथीयांनी पैसे मागण्यावर बंदी आली. असे आदेश विधिमंडळात जात नाहीत, त्यांवर चर्चा होत नाही, दोन महिन्यांच्या आतबाहेर संपतात आणि पुन्हा निघतात. म्हणून ते निघाल्या दिवशीच तारीख आणि कलमासह जपून ठेवायचे. उच्च न्यायालयात आव्हान देताना हेच लागतात.

आणि पनवेलचा आमदार विधानसभेतल्या २८८ पैकी एक आहे. त्याला प्रश्न विचारता येतो, अशासकीय विधेयक मांडता येतं, विनंती अर्ज समितीकडे तुमचा अर्ज पोचवता येतो. तिरुची शिवा राज्यसभेत एकटेच उभे राहिले होते.

या सगळ्या प्रवासात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा थक्क करते. दीडशे वर्षं टिकलेलं वाक्य पाडायला लागलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सैन्य लागलं नाही, क्रांती लागली नाही. कलमाचा क्रमांक माहीत असलेली, अर्ज लिहिणारी आणि तारखेला हजर राहणारी थोडी माणसं लागली. हैदराबादला ती होती, बंगळुरूला होती, दिल्लीला होती. १९५९ चा कायदा मुंबईत लिहिला गेला. त्याचं उत्तरही मुंबईच्या उच्च न्यायालयात आणि विधानभवनातच द्यावं लागेल, आणि पनवेलहून ही दोन्ही ठिकाणं लोकलने जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत.